‘ढ’ या शेऱ्याचा इतिहास



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ हा उपक्रम चालतो, त्यांच्या पिढीने दाजीबानपेठेतल्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या कितीतरी घरांत पहिले पुस्तक पोहोचविले. अशा शिक्षकांचे गुणगान करणे सोपे आहे. परंतु त्यांचे उरलेले काम पुढे नेणे हीच स्मरणाची खरी रीत, असे मी मानतो. म्हणून आज मी शाळेच्या गुणवंतांविषयी बोलणार नाही. नववी-दहावीपर्यंत कसेबसे आले आणि ज्यांची नावे पुढे हजेरीपटावरून निमूटपणे उतरली, त्यांच्याविषयी बोलणार आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकविला. तेव्हा हा विषयही मी इतिहासाच्या वाटेनेच मांडतो. वैद्यकशास्त्रातले शब्द वाटेत येतील, पण ते आवश्यक तेवढेच.

मराठी शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला एका अक्षराचे नाव आहे : ‘ढ’. याची उपपत्ती अशी सांगतात की, ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीच्या अक्षरांची वळणे शतकानुशतके बदलत गेली, पण ‘ढ’ जवळजवळ जसाच्या तसा राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’. उपपत्ती खरी असो वा रचलेली असो, तीत एक गृहीतक दडलेले आहे. दोष अक्षराचा, लिहिणाऱ्या हाताचा नव्हे. दोष मुलाचा, शिकविणाऱ्याचा नव्हे. या गृहीतकाचा उगम कोठे झाला, ते केव्हा हलू लागले आणि हलूनही आपल्या गावापर्यंत त्याचा परिणाम का पोहोचला नाही, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

१.

पंतोजींच्या शाळेत आजच्या अर्थाने नापास होणे नव्हते. तेथे इयत्ता नव्हत्या, छापील प्रश्नपत्रिका नव्हती, एका दिवशी सर्वांनी एकच परीक्षा देणे नव्हते. मुलगा धुळपाटीवर अक्षरे गिरवी, मोडी वळणाचा सराव करी, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करी. ज्याला जितके साधेल तितके घेऊन तो दुकानात किंवा शेतात जाई. या शाळांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. छडी तेथे होतीच, आणि मुली व समाजातील मोठा वर्ग त्या ओसरीबाहेरच होता. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. शिक्षणाचा मोठा भाग मुखोद्गत होता. ज्याचे डोळे अक्षरावर अडखळत, त्याचे कान आणि तोंड त्याला तारून नेत. पेठेतला व्यापारी तोंडी हिशेबात तरबेज असे. तो कागद किती वेगाने वाचतो, हे कोणी मोजत नसे.

हे मोजमाप सुरू झाले ते इंग्रजी अमदानीत. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. त्या पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. एका पिढीला त्या परीक्षेने केवढे दालन उघडून दिले, हे मी सांगायला नको. परंतु त्याच परीक्षेने दालनाला एक उंबरठाही घातला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात ‘निकालाप्रमाणे अनुदान’ ही पद्धत आली. तपासनीस येऊन मुलांची परीक्षा घेई आणि किती मुले उतरली यावर शाळेचे अनुदान ठरे. इंग्लंडात १८६२ च्या नव्या नियमांनी हेच चालू केले होते. या पद्धतीचा परिणाम असा झाला की, न वाचता येणारा मुलगा शाळेच्या हिशेबात तोट्याची बाब ठरला. त्याला वेळ देणाऱ्या शिक्षकाला त्या वेळेचा मोबदला नव्हता, त्याला मागे ठेवणाऱ्याला मात्र होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही पद्धत गेली. तरी शाळेची प्रतिष्ठा निकालाच्या टक्क्यांत मोजण्याची सवय गेली नाही. आजही जून महिन्यात शाळांच्या फाटकांवर जे फलक लागतात, त्यांत त्या सवयीचेच वंशज आपल्याला दिसतात.

पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे प्रयत्न झाले. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९०६ साली, शाहू महाराजांनी करवीरात १९१७ साली सक्ती आणली. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात त्याविषयीचा कायदा झाला. सक्तीचा अर्थ असा की, आता सर्व प्रकारची मुले एका बाकावर येणार. जगभर हीच गोष्ट घडली. ज्या देशांत सर्व मुले शाळेत आली, तेथेच काही हुशार मुलांना वाचता का येत नाही, हा प्रश्न प्रथम डोळ्यांत भरला.

२.

आपल्या भागाच्या इतिहासात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. धारवाड-हुबळीचा मुलूख १८१७ पर्यंत पेशव्यांच्या अमलात होता आणि त्यानंतर मुंबई इलाख्यात गेला. कारभाराची भाषा म्हणून मराठी येथे रुजलेली होती. त्यामुळे सुरुवातीच्या सरकारी शाळांत कन्नड घरांतल्या मुलांनाही मराठीतून शिकावे लागे. वॉल्टर इलियट, रसेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी आणि विशेषतः डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटली. १८९० साली धारवाडात स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यावर्धक संघाने ते काम पुढे नेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर पारडे दुसऱ्या बाजूला झुकले, आणि मराठी घरांतल्या मुलांवर परक्या लिपीत शिकण्याची पाळी आली.

मी हे कोणत्याही भाषेच्या तक्रारीसाठी सांगत नाही. चन्नबसप्पांची मागणी न्याय्य होती आणि राज्याची भाषा शिकणे हे आपले कर्तव्यच आहे. माझा मुद्दा निराळा आहे. मुलाच्या तोंडची भाषा एक आणि फळ्यावरची दुसरी असली की, त्याचे अडखळणे हे भाषेच्या अपरिचयाचे की वाचनशक्तीतल्या एखाद्या मूलभूत अडचणीचे, हे ओळखणे कठीण होते. तुळजाभवानीच्या देवळापासून दुर्गदबैलापर्यंत सकाळी एक फेरी मारली तर मराठी, कन्नड, उर्दू आणि सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची स्वतःची बोली एवढे सारे कानांवर पडते. अशा पेठेतल्या शाळेत दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. ज्याला केवळ कन्नड नवी आहे, त्या मुलाला आपण अक्षम ठरवू शकतो. उलट ज्याची अडचण खरी आहे, त्याला ‘घरी कन्नड बोलत नाहीत ना, येईल हळूहळू’ असे म्हणून दहावीपर्यंत तसेच जाऊ देऊ शकतो. माझ्या अनुभवात ही दुसरी चूक अधिक घडते, कारण ती दिसायला मायेची असते.

३.

आता थोडे पश्चिमेकडे वळू. १८७७ साली आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने ‘शब्दांधत्व’ हा शब्द वापरला. दृष्टी शाबूत, वाचा शाबूत, बुद्धी शाबूत, पण मेंदूच्या आजारानंतर लिहिलेला शब्द ओळखता येत नाही, अशा प्रौढ रुग्णांसाठी तो शब्द होता. १८८७ मध्ये श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रूडॉल्फ बर्लिन यांनी अशा अवस्थेवरील आपल्या ग्रंथात ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा रूढ केली. हे सर्व मोठ्या माणसांविषयी होते.

मुलाविषयीची पहिली महत्त्वाची नोंद १८९६ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ससेक्स परगण्यातील सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या मुलाची हकीकत लिहिली. मुलगा चौदा वर्षांचा, म्हणजे आपल्या नववीतला. चलाख, खेळांत सोबत्यांच्या बरोबरीचा. अनेक वर्षे खासगी शिकवणी होऊनही त्याला लहानसहान शब्द वाचता येत नसत. स्वतःचे नाव लिहिताना त्याने अक्षरांची उलटापालट केली, आणि दाखवून देईपर्यंत ती त्याच्या ध्यानातही आली नाही. मात्र अंक तो सहज वाची आणि बीजगणितातले साधे गुणाकार करी. त्याच्या शिक्षकाचे मत असे होते की, सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

त्या शिक्षकाच्या या मताला मी या इतिहासातले एक वळण समजतो. वैद्याने रोगाला नाव दिले. पण दोष मुलाच्या बुद्धीचा नसून शिकविण्याच्या व तपासण्याच्या मार्गाचा त्याच्याशी मेळ बसत नाही, हे प्रथम शिक्षकाने पाहिले. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवूड यांनी १९१७ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि अशा मुलांना वेगळे बसवून, धीराने, एकेकट्याने शिकविल्यास ती वाचू लागतात असे मांडले. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम यांनी डोळा, कान आणि हात या तिन्हींना एकाच वेळी कामाला लावणारी अक्षरपद्धती बसविली. १९६३ साली शिकागो येथे पालकांच्या सभेत सॅम्युएल कर्क यांनी या साऱ्या अडचणींना ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे एकत्रित नाव सुचविले. आपण त्याला अध्ययन-अक्षमता म्हणतो. १९७५ साली अमेरिकेत अशा मुलांच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात आला.

या शतकभराच्या शोधाचे सार थोडक्यात असे. डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांचा दोष नव्हे, आळस नव्हे, मंदबुद्धीही नव्हे. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणे, ते चिन्हांशी जोडणे आणि ही जोडणी झटपट व आपोआप होणे यांत मुख्य अडचण असते. ती बहुधा घराण्यात चालत येते. लेखनातल्या अडचणीला डिसग्राफिया आणि अंकगणितातल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. ही अवस्था औषधाने जात नाही. योग्य शिकवणीने वाचन पुष्कळ सुधारते, वेग मात्र बहुधा आयुष्यभर कमी राहतो. हे शेवटचे वाक्य माध्यमिक शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे, कारण आपल्या परीक्षा तीन तासांच्या असतात.

४.

भारतात अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ साली सुरू झाली. पण अध्ययन-अक्षमता दिसत नसल्यामुळे ती कोणाच्या यादीत बसेना. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा केला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते. अध्ययन-अक्षमता त्यांत नव्हती.

या बाबतीत महाराष्ट्राने पाऊल पुढे टाकले, हे आपण अभिमानाने सांगावे. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. देशात असा औपचारिक निर्णय घेणारे ते पहिले राज्य. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था उभी राहिली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय यांसारख्या महापालिका रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू लागले. लेखी परीक्षेस वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणे, गरज असल्यास लेखनिक, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व जोडीला दुसरा विषय, असे त्या सवलतींचे स्वरूप होते. २००७ साली ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा शब्द घराघरांत नेला. माझ्या परिचयाच्या पालकांपैकी अनेकांनी आपल्या मुलाविषयी पहिली शंका त्या चित्रपटगृहाच्या अंधारात घेतली.

परंतु मुंबईच्या त्या दवाखान्यांत कोण पोहोचत होते? मुख्यतः इंग्रजी माध्यमाची मुले. चाचण्या प्रायः इंग्रजीत होत्या. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने तयार केलेली चाचणीमालिकाही इंग्रजी शाळांतच अधिक वापरली गेली. मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या मुलाला तपासण्याचे प्रमाणित साधन फारसे नव्हते. त्यामुळे एक विचित्र समज पसरला की, हा इंग्रजी शाळांतल्या सुखवस्तू मुलांचा आजार आहे. तो समज खोडण्यास उपयोगी पडणारे एक काम मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाले. तेथे नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने ‘दाली’ नावाची चाचणी तयार होऊन २०१५ साली प्रसिद्ध झाली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहे. आपल्या पेठेसाठी जणू मागणी नोंदवून केलेली अशी ही निवड! पण ती पहिली ते पाचवीसाठी आहे, हेही सांगितले पाहिजे. नववीत आलेल्या मुलाला तिचा लाभ देण्याची वेळ निघून गेलेली असते.

कायद्याची मोठी पायरी २०१६ च्या डिसेंबरात आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या १६ व्या कलमानुसार शाळेने अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर शैक्षणिक उपाय केले पाहिजेत. १७ व्या कलमात शासनाने करावयाच्या उपायांत वाढीव वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१८ च्या जानेवारीत प्रमाणपत्राविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार तपासणी आठव्या वर्षी, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी करावयाची असे ठरले. १८९६ च्या पर्सीचे वय पुन्हा आठवा. चौदावे वर्ष म्हणजे हायस्कूलचे वर्ष.

५.

आता आपल्या हायस्कूलकडे येतो. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या मूळ तरतुदीप्रमाणे आठवीपर्यंत कोणालाही नापास करायचे नव्हते. हेतू चांगला होता. मुलाला नापास न करता त्याची उणीव भरून काढायची, असा त्याचा अर्थ होता. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्यातला पहिला अर्धा भागच पाळला गेला. परिणामी चौथीच्या वाचनशक्तीचा मुलगा नववीच्या वर्गात येऊन बसतो आणि तेथे एकदम भिंत उभी राहते.

ही भिंत किती उंच आहे, ते आकड्यांत पाहा. कर्नाटकातील एस.एस.एल.सी. परीक्षा दीर्घकाळ ६२५ गुणांची राहिली. त्यांत पहिल्या भाषेला १२५, दुसरीला १०० आणि तिसरीला १००. म्हणजे ३२५ गुण, निम्म्याहून अधिक, भाषांचे. आमच्या पेठेतला मराठी घरातला मुलगा कन्नड, इंग्रजी आणि हिंदी लिहितो. म्हणजे तीन भाषा, तीन लिपी, आणि घरची चौथी भाषा निराळीच. हिंदीची देवनागरी त्याच्या घरच्या मराठीची असली तरी शाळेत ती त्याला उशिरा भेटते. देवनागरीत शिरोरेघ आहे, कन्नडात ती तशी नाही. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लिहायचा त्याच्या अगोदर. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा घटक खाली वेगळ्याच रूपात बसतो. इंग्रजीत एका अक्षराचे अनेक उच्चार. बंगळूरच्या संशोधक सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, कन्नडातील अक्षरसंख्या मोठी असल्यामुळे सर्वसामान्य मुलालाही ती आत्मसात करण्यास चौथी इयत्ता व त्यापुढचाही काळ लागतो. ज्याची जोडणी मुळातच मंद आहे, त्याला तीन लिप्यांचे ओझे किती होत असेल, याची कल्पना आपणच करावी.

आणि अशा मुलाचे पुढे काय होते? आपल्या पेठेत उत्तर तयार असते. ‘शिकत नाही, तर गल्ल्यावर बसू दे.’ दुकान वाईट नाही. पेठेने अनेकांना पोसले आहे. पण दुकान हा मुलाने स्वीकारलेला मार्ग असावा, त्याला दिलेली शिक्षा असू नये. मुलींच्या बाबतीत तर तेवढेही उत्तर नसते. ती गप्प बसते, सुवाच्य अक्षरात फळ्यावरचे उतरवून घेते, कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि दहावी नापास झाली की स्थळे पाहावयास सुरुवात होते. मी अशा मुली पाहिल्या आहेत. त्यांच्या वह्या स्वच्छ होत्या, आणि त्या वह्यांतली एक ओळही त्यांना वाचून दाखविता येत नव्हती.

६.

मग माध्यमिक शाळेने काय करावे? काही गोष्टी खर्चाशिवाय होण्याजोग्या आहेत, त्या प्रथम सांगतो.

पहिली, ओळखणे. जो मुलगा तोंडी प्रश्नाला चांगले उत्तर देतो आणि लेखी परीक्षेत शून्यावर येतो; जो फळ्यावरचे उतरविताना नेहमी मागे राहतो; ज्याच्या एकाच पानावर एक शब्द तीन प्रकारांनी लिहिलेला असतो; ज्याचे गणित रीतीला बरोबर पण अंक उतरविताना चुकते; अशा मुलाची स्वतंत्र नोंद ठेवावी. केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हे लक्षण नव्हे. त्या आपण सर्वच करतो. मुलाला घरच्या भाषेतली गोष्ट ऐकवून प्रश्न विचारावेत. घरच्या भाषेत समज चांगली आणि वाचन सर्वच लिप्यांत अडखळते, असे दिसले तर अडचण भाषेच्या अपरिचयापलीकडची आहे, असे समजून तपासणीचा सल्ला द्यावा. निदान शिक्षकाने करू नये. ते तज्ज्ञांचे काम. या कामी आपले गाव आडवळणी नाही. १८४५ साली मनोरुग्णालय म्हणून सुरू झालेली धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आणि हुबळीत १९५७ पासून असलेले वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही आपल्या बसच्या अंतरावर आहेत.

दुसरी, वर्गातले वागणे. अशा मुलाला अचानक उभे करून मोठ्याने वाचावयास लावू नये. इतिहास, विज्ञान या विषयांत उत्तराचा आशय तपासावा, शुद्धलेखन नव्हे. घटकचाचणीपूर्वी प्रश्न एकदा वाचून दाखवावेत. त्याने इतरांचेही काही बिघडत नाही. टिपणे आधी द्यावीत, म्हणजे उतरवून घेण्यात जाणारा वेळ समजून घेण्यात जाईल. आठवड्यातून दोन तास त्याला वाचन शिकवावे, आणि नववीतही शिकवावे. मोठ्या मुलाला बाराखडीपासून पुन्हा सुरू करण्यात अपमान वाटतो. त्याला शब्दाची घडण शिकवावी, मूळ शब्द, उपसर्ग, प्रत्यय. ‘शिक्षण’, ‘शिक्षक’, ‘प्रशिक्षण’ यांतले सारखे काय, हे ध्यानात आले की एका शब्दाच्या ओळखीने तीन शब्द वाचता येतात. कन्नड आणि इंग्रजीतही हाच मार्ग चालतो.

तिसरी, सवलत. येथे माझे मत काहींना कडवट वाटेल, पण ते मी मांडतो. सवलत हा हक्क आहे, आणि तो मिळवून देण्यास शाळेने पालकाबरोबर कचेरीची पायरी चढली पाहिजे. दहावीचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात प्रमाणपत्राची आठवण होऊन उपयोग नाही. आठवीतच ती प्रक्रिया सुरू व्हावी. लेखनिक मिळाला तरी त्याला सांगून लिहवून घेण्याची सवय वर्षभर करावी लागते. पण सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. बीजगणिताऐवजी सातवीचे अंकगणित घेतले की विज्ञान शाखेकडे जाणारी वाट अरुंद होते, हे मुलाला व पालकांना आधी समजावून सांगितले पाहिजे. ज्या मुलाला नीट शिकविल्यास बीजगणित येईल, त्याला सोयीचे म्हणून त्यातून सोडवणे, हेही एक प्रकारचे ‘ढ’ म्हणणेच आहे. फक्त आता ते सौम्य शब्दांत होते. ज्याला नेहमीच्या चौकटीत बसणे अशक्यच आहे, त्याच्यासाठी १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे. तेथे विषय निवडता येतात आणि परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. तिला दुय्यम समजण्याचे कारण नाही.

कोणी विचारील, साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे? प्रश्न रास्त आहे. एकट्या शिक्षकाने हे ओझे उचलावे असे मी म्हणणार नाही. दोन-चार शेजारच्या शाळांनी मिळून एक विशेष शिक्षिका नेमावी, तिने आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत, आणि पेठेतल्या व्यापारी मंडळांनी व समाजाच्या ट्रस्टांनी तिच्या वेतनाचा भार उचलावा, अशी माझी सूचना आहे. देवळांच्या जीर्णोद्धाराला आपण हात सैल सोडतो. त्याच हाताने यालाही साहाय्य व्हावे.

कोणी असेही म्हणेल की, एकाला वाढीव वेळ देणे हा दुसऱ्यावर अन्याय नाही का? ज्याला चष्मा आहे त्याला परीक्षेत चष्मा लावू देणे हा बिनचष्म्याच्या मुलावर अन्याय होतो, असे आपण कधी म्हटलेले नाही. परीक्षेला ज्ञान तपासायचे असेल तर तीन तासांऐवजी पावणेचार तासांत तेच ज्ञान बाहेर येणे पुरेसे आहे. वेगच तपासायचा असेल तर तसे प्रश्नपत्रिकेवर छापावे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच दिसते की, या विषयातले प्रत्येक पाऊल कोणीतरी आपल्या समोरच्या एका मुलाकडे नीट पाहिल्याने पडले. सीफर्डच्या शिक्षकाने पाहिले, मुंबईच्या पालकांनी व डॉक्टरांनी पाहिले. कायदा त्यांच्या मागून, पुष्कळ उशिरा आला. आपल्या शाळेला मी एक ठोस विनंती करतो. येत्या जूनपासून आठवीच्या प्रत्येक मुलामुलीची तोंडी समज आणि वाचन यांची स्वतंत्र नोंद ठेवणारी एक वही घालावी, आणि पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाच्या दिवशी, नावे न उघडता, त्या वहीत काय आढळले ते मुख्याध्यापकांनी या व्यासपीठावरून सांगावे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या शिक्षकांच्या पिढीने हजेरीपटावर नावे चढविली. ती नावे शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकतात की नाही हे पाहणे आता आपल्याकडे आले आहे.